रात्री खिडकीबाहेर कोण ओरडतंय ते कसं ओळखायचं

मागच्या वर्षी दिवाळीला दहा-बारा दिवस असताना आमच्या बी विंगच्या डक्टमधून रोज अंधार पडला की फिस्स्स, फिस्स्स असा आवाज यायला लागला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना अगदी तसा, पण दर चार-पाच सेकंदांनी आणि तासन्‌तास. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या गॅस लीक होतोय, कोणी म्हणालं नाग शिरलाय, शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं आणि डक्टचं तोंड जाळी लावून बंद करून टाकायचं असं ठरलंसुद्धा. आमचे वॉचमन काका गुहागरकडचे, ते खाली उभे राहून पाच मिनिटं नुसतं ऐकत होते, मग म्हणाले, "ताई, साप एवढा वेळ फुसफुसत नाही हो. कोणी जवळ गेलं, छेडलं तरच तो फुत्कारतो. ही पोरं आहेत कोणाची तरी, खायला मागतायत."

सकाळी डक्टच्या तळाशी बघितलं तर काळपट, अंगठ्याएवढ्या जाड गोळ्या पडलेल्या. काडीने एक फोडली तर आत करड्या केसांचा लगदा, बारीक बारीक हाडं आणि उंदराची अख्खी कवटी, पुढचे दात नारिंगी. गव्हाणी घुबड! हे घुबड उंदीर जवळपास अख्खा गिळतं आणि जे पचत नाही ते केस नि हाडं गोळी करून ओकून टाकतं. वर सहाव्या मजल्यावरच्या कठड्यावर पांढऱ्या मऊ पिसांची तीन पिल्लं बसलेली, हृदयाच्या आकाराचे चेहरे, आणि तो फिस्स्स म्हणजे त्यांचं "भूक लागली" होतं. त्या दिवशी जाळी लावली असती तर आई-बाप बाहेर राहिले असते आणि पिल्लं आत उपाशी मेली असती. आवाज कोणाचा हे कळायला किती लागलं, तर पाच मिनिटं ऐकणं आणि एकदा खाली वाकून बघणं. तेव्हापासून मी हे नीट शिकायला लागले आणि जे कामाला येतं ते इथे लिहून ठेवतेय.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. एका बाजूला येऊरचे डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरं, मधे आपले टॉवर. त्यामुळे जंगलातले आवाजही येतात, खाडीवरचेही येतात आणि गटारातलेही येतात. तुम्ही पुण्यात टेकडीजवळ राहत असाल, नाशिकला, बदलापूरला, कुठेही, पद्धत हीच, फक्त प्राणी थोडे बदलतील.

पहिल्यांदा काय करायचं तर घाबरून खिडकी लावायची नाही आणि लगेच टॉर्चही मारायचा नाही, कारण टॉर्च मारला की आवाज बंद होतो आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. पंखा बंद करा, खोलीतला एसी बंद करा आणि एक मिनिट ऐका. मग लगेच, सकाळी नाही, लगेच लिहून ठेवा. सकाळपर्यंत डोक्यात फक्त "भयानक होता" एवढंच उरतं आणि त्याच्यावरून कोणीच काही सांगू शकत नाही. मला लोक फोन करतात तेव्हा मी चार गोष्टी विचारते. किती वाजता? सूर सरळ आहे की चढतो की उतरतो की थरथरतो? एका आवाजानंतर दुसरा किती वेळाने येतो, म्हणजे मनात एक-दोन-तीन मोजून? आणि एकाच जागेवरून येतोय की सरकतोय? शक्य असेल तर आवाज अक्षरात लिहा, चुकला तरी चालेल. "चक चक चक चर्रर्र" असं कोणी लिहून पाठवलं ना तर निम्मं काम झालेलं असतं. आपल्या लोकांनी हे पूर्वीपासून केलेलंच आहे, टिटवी, कावळा, चिचुंद्री ही नावं म्हणून बघा, त्यात आवाजच भरलेला आहे, पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो हे शेतकऱ्याने त्याच्या सुरावरूनच बसवलं.

रेकॉर्डिंगबद्दल. मोबाईल हातात धरून चालत चालत रेकॉर्ड केलं की कपड्यांची सळसळ आणि चपलांचा आवाजच जास्त येतो. फोन खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर नीट टेकवून ठेवा (पडू देऊ नका), कमीत कमी एक मिनिट चालू ठेवा, मधे बोलू नका आणि शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ आणि जागा बोला. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट पाठवू नका, त्यात आवाज दाबला जातो, साध्या रेकॉर्डर ॲपमध्ये घ्या आणि पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आवाज अगदी हळू वाटला तरी रेकॉर्ड करा, सकाळी हेडफोन लावून ऐकलं की मागचं बरंच सापडतं.

दिशा शोधणं हा सगळ्यात फसवा भाग आहे. टॉवरमध्ये आवाज समोरच्या बिल्डिंगवर आपटून परत येतो, त्यामुळे झाड तुमच्या मागे असतं आणि तुम्ही शपथेवर सांगता की समोरच्या टेरेसवरून येतोय. म्हणून दोन जागांवरून ऐका, एकदा हॉलच्या खिडकीतून, एकदा जिन्याच्या किंवा टेरेसच्या टोकावरून. दोन्हीकडून बोट दाखवा, फोनमधल्या कंपासवर दिशा बघा आणि मॅपवर दोन रेघा मनात ओढा, जिथे कापतात तिथे आसपास तो असतो. एकसुरी बारीक आवाज, म्हणजे रातकिड्यासारखे, कानाला जागा दाखवतच नाहीत, आपला कानच त्या पट्टीत कच्चा आहे, तिथे डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा.

आणि प्राणी शोधायच्या आधी मशीन बाद करा. दर ३०-४० सेकंदांनी अगदी घड्याळ लावल्यासारखा एकच "च्यिप" येत असेल तर तो बहुतेक बंद फ्लॅटमधला धुराचा अलार्म असतो, बॅटरी संपत आलेली. पंपाचं बेअरिंग, गेटची बिजागरी, वाऱ्याने हलणारा पत्रा, हे सगळे रडतात. जिवंत प्राण्याचं अंतर सहसा तंतोतंत सारखं नसतं, तो थांबतो, परत सुरू होतो, दुसरा त्याला उत्तर देतो.

आता आवाजांकडे येऊया. मी प्राण्यांच्या नावाने नाही सांगत, आवाज कसा वाटतो त्याच्यावरून सांगते, कारण रात्री आपल्याकडे तेवढंच असतं.

लहान मूल रडल्यासारखा आवाज आला तर दहातल्या बहुतेक वेळा मांजरंच असतात. दोन बोके समोरासमोर बसून चढत्या सुरात आळवतात आणि मग एकदम फुटतं, फिस्कारणं, झटापट, पत्र्यावर धडधड. पण मांजरासारखं गुरगुरणं आणि भांडण झाडाच्या शेंड्यावरून किंवा छपराच्या आतून येत असेल तर उदमांजर धरा. ते दिवसा माळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या वर झोपतं आणि रात्री वजनदार पावलांनी निघतं. सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर किंवा टेरेसवर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली की शंका संपली. आमच्याकडे भेरली माडाला (ताडासारखं झाड) फळं धरली की महिनाभर त्या बियाच बिया असतात.

किंकाळीसारखा आवाज, म्हणजे "श्रीईईई" असा घोगरा, दोनेक सेकंदांचा, आणि वरून सरकत गेलेला, तो उडणाऱ्या मोठ्या गव्हाणी घुबडाचा. अंगावर काटा येतो हे मान्य आहे. वर बघितलं तर स्ट्रीटलाइटच्या उजेडात पोटाखालून पांढरंशुभ्र काहीतरी बिनआवाज जाताना दिसतं, पंखांचा आवाज अजिबात येत नाही, आणि मला वाटतं भुताच्या निम्म्या गोष्टी इथूनच सुरू झाल्या असणार.

पिंगळा तर बहुतेक सगळ्यांनी ऐकलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. तिन्हीसांजेला आणि पहाटे, दोन-तीन जण मिळून "चिर्रर्र-चिर्रर्र, चिव्वक-चिव्वक" अशी भांडल्यासारखी बडबड, जुन्या आंब्याच्या, वडाच्या ढोलीतून. मुठीपेक्षा थोडा मोठा पक्षी, गोल डोकं, पिवळे डोळे, आणि तुम्ही बघायला लागलात की तोही मान वरखाली करून तुम्हाला बघतो. पिंगळा ओरडला की वाईट बातमी येते असं माझ्या आजीच्या घरीही म्हणायचे. पिंगळा रोजच ओरडतो, तो खालच्या दिव्याला जमलेले किडे खायला येतो आणि आपल्या जोडीदाराशी बोलतो, बस.

खोल, पोकळ, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं "बूऽ हूऽ" संध्याकाळी खदानीच्या बाजूने किंवा कड्यावरून येत असेल तर ते शृंगी घुबड. आणि जुन्या चिंचेच्या, आंब्याच्या दाट झाडीतून "चुहूऽआऽआ" असं थरथरत, हसल्यासारखं की रडल्यासारखं कळत नाही असं काही आलं तर ते वनघुबड. वस्तीत जुनी मोठी झाडं राहिली असतील तरच हा आवाज येतो. तो मला आजवर दोनदाच ऐकायला मिळालाय आणि दोन्ही वेळा मी गॅलरीत तासभर उभी होते.

ठोके. हा माझा आवडता गट. टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सोडला की टक, टक, टक-टक-टकटकटर्रर्र असा जवळ जवळ येत थांबतो ना, तसा आवाज मोकळ्या प्लॉटवरून किंवा टेकडीवरून आला तर तो रातवा नावाचा पक्षी. दिवसा पाचोळ्यात बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, रात्री मात्र येऊरच्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. पावसाळ्यात बाथरूमच्या खिडकीजवळून किंवा कुंडीमागून लाकडावर टकटक केल्यासारखं येत असेल तर तो झाडावरचा बेडूक, तो भिंतीही चढतो. आणि भिंतीवरची चक-चक-चक ही पाल, ती आपल्या जागेवरून दुसऱ्या पालीला हाकलत असते, कोणाच्या बोलण्याला "सत्य आहे" म्हणत नसते.

भुंकल्यासारखा आवाज ऐकलात तर इथे जरा जास्त लक्ष द्या. कुत्रा भुंकतो तेव्हा सूर वरखाली होतो, दोन-चार एकत्र येतात, पळतात. पण डोंगराच्या उतारावरून एकट्याने, एकाच पट्टीत, दर काही सेकंदांनी "भौक" आणि ते दहा-पंधरा मिनिटंही चालतंय, तर ते भेकर. हे छोटं हरीण आहे आणि त्याला जवळ काहीतरी दिसलंय किंवा वास आलाय म्हणून ते ओरडतंय. सांबर "ढाँक" असं एकदम मोठ्याने देतं, चितळ बारीक आणि तीक्ष्ण, वानरं झाडावरून खाकरल्यासारखी "खक-खक". यातले दोन-तीन एकापाठोपाठ एक, एका रेषेत सरकत आले तर खाली बहुतेक बिबट्या चालतोय. बिबट्याचा स्वतःचा आवाज डरकाळी नसते, जाड लाकडावर करवत पुढेमागे ओढावी तसा खर्र-खस, खर्र-खस. असं ऐकलं तर बघायला खाली उतरू नका, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, वॉचमनला सांगा की एकट्याने कंपाउंडच्या मागे जाऊ नका. नुसता आवाज आला किंवा लांबून जाताना दिसला म्हणजे पिंजरा लावायची वेळ आली असं नसतं, उद्यानाच्या कडेला तो राहतोच, पण वस्तीत अडकला असेल, जखमी असेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथे फोन करा आणि गर्दी जमू देऊ नका. गर्दीने कोंडलेला बिबट्या अंगावर येऊ शकतो. आणि कचरा! उघडा कचरा म्हणजे कुत्री आणि डुकरं, आणि कुत्री म्हणजे बिबट्याचं जेवण, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी दरवेळी बोलते.

खाडीकडून, तिवरांतून एकाने लांब "ऊऽऽऽ" लावली, लगेच दुसरे त्यात मिसळले, सूर चढत गेला, शेवटी तुटक तुटक "याव-याव-याव" आणि मिनिटभरात सगळं शांत, ही कोल्हेकुई. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या तिवरांत सोनेरी कोल्हे अजून आहेत, खारघरचे लोक हे रोज ऐकतात. ॲम्ब्युलन्सचा सायरन गेला की ते त्याला उत्तर देतात, त्यावरूनही ओळखता येतं, फक्त भटकी कुत्रीही तसंच करतात, तर सुरुवात कोणी केली आणि आवाज किती बारीक आहे ते ऐका. माझी मावसबहीण लंडनच्या जवळ राहते, तिने जानेवारीत रात्री दोनला घाबरून रेकॉर्डिंग पाठवलं होतं, बाई किंचाळतेय असं. ती तिथली लाल कोल्हीण, त्यांचा जुगण्याचा काळच ऐन थंडीत असतो. म्हणजे तिकडे राहणाऱ्यांनी हाच आवाज आधी डोक्यात ठेवावा.

वरून, आकाशातून येणारे आवाज वेगळे. एकच "क्वॉक", मग दहा सेकंदांनी पुढे "क्वॉक", तो रातबगळा, खाडीवर जेवायला निघालाय. हंसांसारखी कलकल करत एक थवा गेला आणि महिना नोव्हेंबर ते मे मधला असेल तर ठाणे खाडीचे फ्लेमिंगो, ते रात्रीही जागा बदलतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले ते रात्रीच.

टिटवीबद्दल दोन ओळी जास्त लिहिते कारण तिच्यावर उगाच राग काढला जातो. "टिटिटिव-टिव, टिटिव-टिव" असं मध्यरात्री टेरेसवरून सतत येत असेल आणि महिना मार्च ते ऑगस्टमधला असेल तर टेरेसवर सांभाळून पाय टाका. टिटवी मोकळ्या जमिनीवर खडीत अंडी घालते आणि शहरात मोकळी जमीन राहिली नाही की सपाट टेरेसवर, गिट्टीत घालते. अंडी बहुतेक चार, मातकट, काळे ठिपके, दोन फुटांवरून दिसत नाहीत. मांजर आलं, माणूस आलं की ती ओरडते, डोक्यावरून झेपा घेते. टाकी साफ करायची असेल तर शक्य तर पुढे ढकला, नाहीतर त्या कोपऱ्याला चार विटा ठेवून खूण करा.

पुण्याच्या बाहेरच्या माळरानावरच्या सोसायट्यांमध्ये रात्री तीक्ष्ण शिट्ट्या येतात, "पिक-पिक-पिक-पिवीक" चढत जाणाऱ्या, लोकांना वाटतं मुलं शिट्ट्या मारतायत, तो करवानक, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा पक्षी, दिवसभर झुडपाखाली उभा असतो. पावसाच्या तोंडावर चांदण्या रात्री "पेरते व्हा" थांबतच नाही, प्रत्येक वेळी सूर वर वर जातो आणि एकदम तुटतो, तो पावशा. एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला झोप उडवणारा "कुऊ कुऊ" कोकीळ, हा सगळ्यांना माहीत आहे पण रात्री ऐकला की ओळखत नाहीत. बदामाच्या, जांभळाच्या, उंबराच्या झाडावर फळं आली की वटवाघळांची चिरचिर आणि फडफड, खाली अर्धवट चावलेली फळं. भिंतीच्या कडेने नाणी वाजल्यासारखं चिक-चिक-चिक पळत गेलं तर चिचुंद्री.

पहिला मोठा पाऊस पडला की सगळं गणित बदलतं. डबक्यातून "डराँव" म्हणणारे मोठे बेडूक, त्या दिवसांत नर पिवळेधम्मक होतात, आणि लॉनमधून अखंड, न थांबणारा, ट्रान्सफॉर्मरसारखा र्रर्रर्र. हा दुसरा आवाज आमच्या सोसायटीत इलेक्ट्रिशियनने दोन दिवस शोधला. पाऊल वाजवत जवळ गेलो की बंद, मागे सरलो की पाच मिनिटांनी सुरू. तिथेच कळायला पाहिजे होतं, वायर पावलं ऐकत नाही. तो जमिनीतला रातकिडा, पुढचे पाय फावड्यासारखे असतात. बिळाचं तोंड तो कर्ण्यासारखं खणतो आणि आत बसून गातो, म्हणून एवढासा किडा सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतो.

ॲप वापरा, पण आंधळेपणाने नको. मर्लिन आणि बर्डनेट ही दोन्ही ॲप आवाजावरून पक्षी सांगतात आणि फुकट आहेत. पण भेकर, उदमांजर, बेडूक, रातकिडा यांच्यासाठी मर्लिन नाहीच, ते पक्ष्यांचंच ॲप आहे, त्याला बेडूक ऐकवला तर गप्प बसेल किंवा भलतंच नाव देईल. ॲपने नाव दिलं की झेनो-कॅन्टो या वेबसाइटवर जाऊन त्याच पक्ष्याची चार-पाच रेकॉर्डिंग ऐका, शक्यतो महाराष्ट्रातली, आणि हेडफोनवर तुमच्याशी ताडून बघा. पक्षी नसेल तर आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर आवाजाची फाइल टाकता येते, जाणकार लोक उत्तर देतात. मात्र मोबाईलवरून तो आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचा प्रयत्न करू नका. त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय, तो शिकार सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो.

आणि एक कळकळीने सांगते. घुबडाचं घरटं सापडलं तर फोटो, विंग, मजला, काहीही ग्रुपवर टाकू नका, निदान दिवाळीच्या आसपास तर नाहीच. अजूनही जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकतात, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, गुन्हा आहे, तरी चालतं. आम्ही आमच्या डक्टचं फक्त कमिटीला आणि सहाव्या मजल्यावरच्या घरात सांगितलं, बाकीच्यांना "गॅस नाही, साप नाही, पक्ष्याची पिल्लं आहेत, दोन महिन्यांत उडतील" एवढंच. त्या घरातल्या काकांनी तेवढे दिवस त्या बाजूची लाइट लावली नाही. काकू गॅस एजन्सीचा नंबर हाताशी ठेवून झोपायच्या, त्या चौथ्या दिवसापासून स्वतः साडेसातला खिडकीत येऊन ऐकायला लागल्या. नोव्हेंबरच्या शेवटी फिस्स्स कमी झालं, मग एका रात्री फक्त एकाचं आलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डक्ट शांत. त्यानंतरच जाळीवाल्याला बोलावलं, आणि जाळी खालच्या तीन मजल्यांनाच लावली.